कांदा, काजरा आणि घशातला आवंढा

आत्तोबा गेले त्याला तीन महिने झाले होते आणि आत्याच्या घशात काहीतरी अडकून बसलं होतं. घास उतरायचा, चहा उतरायचा, पण नुसता आवंढा गिळायला गेलं की मध्येच गोळा लागायचा. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, काही नाही म्हणाले आणि ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. शेवटी शेजारच्या वहिनींनी होमिओपॅथीच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. सोबत म्हणून मी गेलो. घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना, भिंतभर लाकडी खण, खणांत ओळीने बाटल्या. बाईंनी जाड वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली. काकू, तहान कशी लागते, घोट घोट की एकदम तांब्याभर? झोपताना पाय पांघरुणाबाहेर काढता का? आंबट जास्त आवडतं की खारट? आभाळ आलं की त्रास वाढतो का? आत्या एकेका शब्दात उत्तरं देत होती. मग प्रश्न आला : रडू आलं की कुणी जवळ बसलेलं बरं वाटतं, की नको वाटतं? आत्या बराच वेळ गप्प राहिली. "नको वाटतं," ती म्हणाली. "समजूत घालायला कुणी आलं की उलट चीडच येते." तीन महिन्यांत हे तिने आमच्यापैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. बाईंनी वहीत त्या ओळीखाली रेघ मारली. पन्नास मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो तेव्हा आत्याच्या पिशवीत साबुदाण्याहून बारीक गोळ्यांची बाटली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, इग्नेशिया २००.

इग्नेशिया म्हणजे फिलिपाइन्सच्या जंगलात वाढणाऱ्या एका वेलीची बी. ती बी आणि इथल्या एका बाईचा घशातला आवंढा यांची गाठ कुणी घातली, कशाच्या आधारावर घातली आणि ती तपासायला गेलं तर काय उरतं, हे मला तेव्हापासून पाहायचं होतं. होमिओपॅथीची औषधं खनिजांपासून होतात, सापाच्या विषापासूनही होतात. पण रोजच्या वापरातली पुष्कळशी औषधं वनस्पतींची आहेत, आणि मनाची तक्रार व शरीराची तक्रार एकाच बाटलीत घालण्याची या पद्धतीची हातोटी तिथेच सगळ्यात नीट दिसते.

मूळ कल्पना समजायला स्वयंपाकघर पुरतं. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, नाक वाहतं, शिंका येतात. निरोगी माणसाला एखाद्या पदार्थाने जे होतं, तसंच दुखणं रोग्याला झालं असेल तर तोच पदार्थ अत्यल्प मात्रेत त्याला बरं करतो, असं होमिओपॅथी मानते. म्हणून डोळ्या-नाकातून पाणी वाहणाऱ्या सर्दीवर ॲलियम सेपा, म्हणजे कांदाच. गंमत अशी की पुष्कळ दवाखान्यांत औषध चालू असताना कांदा-लसूण बंद करायला सांगतात. बाटलीतला कांदा चालतो, पोह्यांतला चालत नाही.

ही कल्पना जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांना १७९० मध्ये सुचली. स्कॉटिश वैद्य विल्यम कलेन यांच्या औषधग्रंथाचं ते भाषांतर करत होते. सिंकोनाची साल हिवतापावर का चालते, याचं कलेन यांनी दिलेलं स्पष्टीकरण त्यांना पटेना. म्हणून त्यांनी स्वतः ती साल खाऊन पाहिली. हातापायांची टोकं गार पडली, धडधड सुरू झाली, अंग कापू लागलं. हिवतापच जणू, पण हुडहुडीशिवायचा. या एका अनुभवावर अख्ख्या पद्धतीचा पाया घातला गेला. सिंकोना खाऊन असं होण्याचा अनुभव पुढे इतरांना सहसा आला नाही, पण तोवर इमारत उभी राहिली होती. १७९६ मध्ये त्यांचा निबंध आला, १८१० मध्ये 'ऑरगॅनॉन' हा मुख्य ग्रंथ, आणि १८११ पासून 'मटेरिया मेडिका पुरा'चे खंड. या खंडांसाठी ते स्वतः, त्यांचे विद्यार्थी आणि घरची माणसं एकेक पदार्थ घ्यायची आणि अंगात, मनात, स्वप्नात जे जे होईल ते टिपून ठेवायची. याला प्रूव्हिंग म्हणतात.

त्या काळाच्या मानाने हे फार शहाणपणाचं होतं, हे म्हटलंच पाहिजे. इतर वैद्य नसा कापून रक्त काढत होते, पाऱ्याच्या मात्रा देत होते, जुलाब देऊन रोग्याला अर्धमेला करत होते. हानेमान यांचं औषध निदान रोग्याला मारत नव्हतं. कॉलऱ्याच्या साथींत होमिओपॅथीचं नाव झालं त्याचं एक कारण हेच असणार. पण प्रूव्हिंगमध्ये एक मोठी खोट राहून गेली. औषध घेऊन वही घेऊन बसलेल्या माणसाला कानात गुणगुण, गुडघ्यात कळ, दुपारी उदासी यांतलं काही ना काही जाणवणारच. त्यातलं औषधाचं किती आणि दिवसाचं किती, हे वेगळं काढायला शेजारी नुसतं पाणी पिणारा कुणी बसवलेला नव्हता.

आता काजऱ्याकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला काजरा सांगावा लागत नाही. नारिंगी, लिंबाएवढं, दिसायला मोहक फळ. आत चपट्या, शर्टाच्या गुंडीसारख्या, मऊ लव असलेल्या बिया. मुलांना लांबूनच दाखवायचं आणि हात लावू नका म्हणायचं. धनेश पक्षी फळाचा गर खातो, माणसाने तसलं धाडस करू नये. आयुर्वेदात याला कुचला म्हणतात आणि शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. होमिओपॅथीत हाच नक्स व्होमिका. आणि आत्याला दिलेली इग्नेशिया ही याच काजऱ्याची सख्खी बहीण, वनस्पतिशास्त्राच्या एकाच प्रजातीगटातली. सतराव्या शतकाच्या अखेरीस मनिलात राहणाऱ्या गेऑर्ग कामेल या जेझुइट धर्मबंधूने तिची माहिती युरोपात पोचवली. कॅमेलिया हे फुलझाड त्याच्याच नावाने ओळखलं जातं. बीला जेझुइटांनी आपल्या संस्थापकाचं, संत इग्नेशियसचं नाव दिलं.

या दोन्ही बियांत एकच विष असतं, स्ट्रिक्नीन. १८१८ मध्ये पॅरिसचे औषधनिर्माते पेलेतिए आणि काव्हांतू यांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही इग्नेशियाच्या बीतूनच. दोनच वर्षांनी त्याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. म्हणजे हानेमान ज्या झाडांची औषधं अधिकाधिक पातळ करत होते, त्याच झाडांचं सत्त्व दुसरीकडे दोन माणसं अधिकाधिक घट्ट करत होती. एकाच रोपापासून निघालेल्या या दोन वाटा. दुसऱ्या वाटेने मॉर्फिन, ॲट्रोपीन आणि आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन आलं. पहिल्या वाटेने आलं एक वेगळंच वाङ्मय.

वाङ्मय हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. नक्स व्होमिकाचं वर्णन मटेरिया मेडिकात वाचा. चिडका, उतावळा, कामात बुडालेला पुरुष. रात्री उशिरापर्यंत जागतो, पहाटे तीनला जाग येते आणि कामं डोक्यात फिरत राहतात. चहा, कॉफी, दारू, मसालेदार खाणं. सकाळी पोट साफ नाही, दिवसभर ॲसिडिटी. आवाज, उजेड, वास काही सहन होत नाही. ऑफिसात असा एक तरी माणूस तुमच्या शेजारी बसतो. इग्नेशिया त्याच्या उलट : दुःख आतल्या आत गिळणारी, सारखे उसासे टाकणारी, घशात गोळा लागलेली, क्षणात हसणारी आणि क्षणात रडणारी, समजूत घातली की बिघडणारी. विष एकच, पण एका बीतून संतापी पुरुष निघाला आणि दुसरीतून शोकमग्न स्त्री. ही वाटणी बियांनी केलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या मध्यमवर्गीय घराने केली आहे, जिथे बापाने चिडायचं आणि आईने उसासे टाकायचे असं ठरलेलं होतं. नक्सला पुरुषांचं औषध आणि पल्सॅटिला या फुलाच्या औषधाला बायकांचं औषध म्हणण्याची पद्धत आजही दवाखान्यात ऐकू येते.

पल्सॅटिलाबद्दल मात्र मला ममत्व आहे. युरोपातल्या माळरानावरचं जांभळं, लवदार, वाऱ्याने डोलणारं फूल. त्याची माणसं मऊ, लगेच डोळे भरणारी, क्षणाक्षणाला बदलणारी, तहान नसलेली, बंद खोलीत घुसमटणारी, मोकळ्या हवेत बरी होणारी, आणि इग्नेशियाच्या नेमकी उलट, कुणी जवळ घेतलं की शांत होणारी. फूल आणि स्वभाव यांची ही जुळवणी जवळजवळ कवितेची आहे. बाकीची चित्रंही अशीच मनात राहतात. कॅमोमिला म्हणजे दात येणारं, किरकिरं मूल. मागेल ते दिलं तरी फेकून देणार आणि कडेवर घेऊन फिरवलं तरच गप्प बसणार. स्टॅफिसॅग्रिया, ज्याच्या बिया युरोपात पूर्वी उवा मारायला वापरायचे, हे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेल्या माणसाचं औषध : अपमान गिळलेला, वर हसतमुख, आत थरथर. कोलोसिंथिस म्हणजे आपलं कडू वृंदावन. राग आल्यावर पोटात उठणारी आणि पोट घट्ट दाबून वाकून बसलं की थांबणारी कळ. ॲकोनाइट एकाएकी बसलेल्या धक्क्याचं, आता मरतो की काय या भीतीचं. ही चित्रं ज्यांनी लिहिली त्यांना माणसं पाहायची सवय होती, हे कबूल करायला मला अडचण वाटत नाही.

जेल्सेमियम तर फेब्रुवारी-मार्चात घरोघरी लागतं. दहावी-बारावीच्या परीक्षेआधी पोट बिघडणं, हात कापणं, पाठ केलेलं डोक्यातून उडून जाणं. हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका पिवळ्या फुलांच्या वेलीचं औषध, आणि मूळ वेल विषारी आहे. १८७९ मध्ये वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने त्याचा अर्क रोज वाढत्या मात्रेने स्वतःवर करून पाहिला आणि जुलाब, डोकेदुखी, खिन्नता येईपर्यंत नेटाने चालू ठेवला. त्याचं पत्र त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलं. विद्यार्थ्याचं नाव आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्सला विषांबद्दल एवढं कसं ठाऊक, याचं थोडं उत्तर त्यात आहे.

भारतात ही चित्रं आली आणि रुजली. लाहोरला १८३९ मध्ये योहान मार्टिन होनिगबर्गर यांनी महाराजा रणजितसिंगांवर उपचार केले, तिथून कथा सुरू करण्याचा प्रघात आहे. पण खरी मुळं धरली ती कलकत्त्यात. महेंद्रलाल सरकार हे तिथले एम.डी. झालेले नामांकित डॉक्टर, आधी होमिओपॅथीचे कडवे टीकाकार. १८६७ मध्ये त्यांनी उघड पक्ष बदलला आणि समव्यावसायिकांचा बहिष्कार ओढवून घेतला. रामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या आजारात तेच उपचार करत होते. याच माणसाने १८७६ मध्ये विज्ञानसंशोधनाची ती संस्था काढली, जिच्या प्रयोगशाळेत पुढे सी. व्ही. रामन यांनी नोबेल मिळवून देणारं काम केलं. एकाच डोक्यात दोन्ही गोष्टी नांदल्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. होमिओपॅथी मानणाऱ्याला सरसकट अडाणी म्हणणाऱ्यांनी तर नक्कीच. बंगालातच तुळस, अडुळसा, कडुनिंब या आपल्या झाडांचं प्रूव्हिंग होऊन ती होमिओपॅथीच्या यादीत गेली.

मुंबईने यावर आणखी एक मजला चढवला. राजन शंकरन यांनी २००२ पासून प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींवरच्या ग्रंथांत अशी मांडणी केली की वनस्पतींच्या प्रत्येक कुळाची स्वतःची एक संवेदना असते. सूर्यफुलाच्या कुळातली अर्निका, कॅलेंड्युला, कॅमोमिला घ्या. त्या सगळ्यांच्या तळाशी जखम होण्याची, मार लागण्याची जाणीव आहे. रोग्याला बोलतं करत करत त्या संवेदनेपर्यंत न्यायचं, मग कूळ कळतं, कुळातून झाड कळतं. या पद्धतीला जगभर अनुयायी मिळाले. वाचताना ती मोहात पाडते, पण मला एक साधी शंका आहे. वनस्पतींची कुळं माणसं ठरवतात आणि अधूनमधून बदलतात. जेल्सेमियम पूर्वी काजऱ्याच्या कुळात धरायचे. १९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला बाहेर काढून स्वतंत्र कूळ दिलं. आता जेल्सेमियमच्या रोग्यांनीही आपली संवेदना बदलायची का?

झाडांतून माणसाचं मन वाचण्याची ही ओढ होमिओपॅथीच्या कुंपणाबाहेरही गेली. लंडनमधल्या होमिओपॅथिक रुग्णालयात काम केलेले एडवर्ड बाख यांनी १९२८ पासून ३८ औषधं सिद्ध केली, जी महाराष्ट्रात पुष्पौषधी म्हणून घराघरांत पोचली आहेत. यात समानाने समान बरं होण्याचा नियम नाही. फुलं पाण्यात टाकून उन्हात ठेवायची किंवा उकळायची आणि त्यात ब्रँडी घालायची, एवढीच कृती. प्रत्येक फूल एका मनःस्थितीचं, शरीराच्या तक्रारींचा विचारच नाही. अधीर माणसासाठी इम्पेशन्स. म्हणजे हिमालयातून इंग्लंडात गेलेला, आपल्या तेरड्याचाच भाऊबंद. लॅटिन नावातच अधीरता आहे, कारण शेंग हात लावताच फुटते. नावावरून औषध ठरलं की स्वभावावरून नाव आठवलं, ते बाख जाणोत. आपण तर तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो. आपल्याकडे त्याच झाडाने चंचलतेचं औषध व्हायला हवं होतं. पुष्पौषधींच्या उपलब्ध चाचण्यांचा आढावा एडझार्ड अर्न्स्ट यांनी २०१० मध्ये घेतला. खोट्या औषधापेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा, त्यांचा अधिक गुण आलेला त्यांना दिसला नाही.

आता बाटलीत काय आहे ते पाहू. ताजी वनस्पती चिरून अल्कोहोलमध्ये भिजवली की मदर टिंक्चर तयार होतं. त्याचा एक भाग आणि अल्कोहोल-पाण्याचे ९९ भाग, वर जोराचे झटके. ही झाली एक पोटेन्सी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भाग. असं ३० वेळा केलं की ३०, दोनशे वेळा केलं की २००. होमिओपॅथीत पातळपणा वाढला की ताकद वाढली असं समजतात, म्हणून आत्याची २०० ही 'हाय पोटेन्सी'. रसायनशास्त्र शिकलेल्या मुलाला यातली अडचण लगेच कळते. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू असण्या-नसण्याची सीमा येते. तिसाव्या पायरीवर एक रेणू हमखास मिळवायचा तर सूर्याच्या वजनाच्या हजारो पट पाणी प्यावं लागेल. दोनशेव्या पायरीची तुलना कशाशी करायची तेच समजत नाही. हानेमान यांच्या हयातीतही हा आक्षेप घेतला गेला, आणि त्यावर पाण्याला स्मरणशक्ती असते यापासून आतापर्यंत बरीच उत्तरं दिली गेली.

या संदर्भात आय.आय.टी. मुंबईचं नाव आपल्याकडे हमखास घेतलं जातं. २०१० मध्ये तिथल्या संशोधकांनी बाजारातल्या औषधांत, अगदी २०० पोटेन्सीतही, मूळ पदार्थाचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध केलं. हे सांगणारे दोन गोष्टी सांगायला विसरतात. ते काम सोनं, चांदी, तांबं, जस्त, कथील, प्लॅटिनम या धातूंच्या औषधांवर होतं. पल्सॅटिला किंवा इग्नेशिया त्यात नव्हती. आणि कण सापडणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे.

मग रोग बरा होतो का? इथे घाईने निकाल देणाऱ्यांना आधी प्रतिकूल पुरावा दाखवावा लागतो, कारण होमिओपॅथीच्या बाजूनेही काही चांगल्या चाचण्या आहेत. १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १४४ रोग्यांची एक चाचणी आली. गवताच्या परागकणांमुळे होणाऱ्या सर्दीवर त्याच परागांची ३० पोटेन्सी दिल्यावर प्लासिबोपेक्षा फरक दिसला होता. १९८९ मध्ये ३० रोग्यांच्या एका छोट्या चाचणीत अंगदुखीच्या एका विकारावर ऱ्हस टॉक्स, म्हणजे अमेरिकेतल्या त्वचा भाजून काढणाऱ्या वेलीचं औषध, गुणकारी वाटलं. १९९७ मध्ये क्लाउस लिंडे आणि सहकाऱ्यांनी ८९ चाचण्या एकत्र केल्या आणि हा सगळा प्लासिबोचा परिणाम म्हणता येणार नाही, असं लिहिलं. होमिओपॅथीचे समर्थक आजही हाच शोधनिबंध पुढे करतात. पण लिंडे यांनीच दोन वर्षांनी दाखवून दिलं की चाचणी जेवढी काटेकोर, तेवढा परिणाम लहान. २००५ मध्ये लॅन्सेटने होमिओपॅथीच्या ११० आणि तशाच आधुनिक वैद्यकाच्या ११० चाचण्यांची तुलना छापली. मोठ्या आणि काटेकोर चाचण्या वेगळ्या काढल्यावर होमिओपॅथीचा परिणाम प्लासिबोइतकाच उरला. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यक संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ विकारांवरचे १७६ अभ्यास तपासले आणि एकाही विकारावर भरवशाचा पुरावा नसल्याचं सांगितलं. फ्रान्सने २०२१ पासून या औषधांच्या खर्चाची भरपाई बंद केली. स्वित्झर्लंडने मात्र विम्यात ती ठेवली आहेत. लोकांनी मतदान करून मागितलं म्हणून.

अर्निकाचं उदाहरण मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण मार लागला की अर्निका हे आपल्याकडे बँडेडइतकं सर्वमान्य आहे. पातळ केलेल्या अर्निकाच्या चाचण्यांत सातत्याने काही हाती लागलेलं नाही. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या ६ आणि ३० पोटेन्सीचा प्लासिबोपेक्षा वेगळा परिणाम २००३ च्या अभ्यासात दिसला नाही. पण अर्निकाचा खरा अर्क असलेलं जेल, म्हणजे ज्यात झाड प्रत्यक्ष आहे असं, बोटांच्या संधिवातावर आयबुप्रोफेनच्या जेलइतकं उपयोगी पडल्याचं २००७ च्या चाचणीत दिसलं. झाड होतं तिथे काहीतरी घडलं. नव्हतं तिथे नाही.

याची दुसरी बाजू विसरून चालत नाही. झाड खरोखर बाटलीत असेल तर त्याचं विषही असतं. बेलाडोना हे तापाचं, लालबुंद चेहऱ्याचं प्रसिद्ध औषध. त्यातलं ॲट्रोपीन डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला वापरतात. अमेरिकेत बाळांच्या दात येण्याच्या होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण नेमून दिल्यापेक्षा कमीजास्त निघालं आणि तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये त्या वापरू नका म्हणून सांगितलं. मदर टिंक्चर आणि १, २, ३ अशा कमी पोटेन्सी या साखरेच्या गोळ्या नव्हेत. त्या औषध समजूनच घ्याव्यात. बाटलीत मुख्यतः असतं ते अल्कोहोल, तेही विसरू नये. खोकल्यावरचं ड्रोसेरा हे एका कीटकभक्षी रोपाचं औषध. त्याच गोतातला दवबिंदू पावसाळ्यात कास पठारावर गुडघे टेकून पाहायला लोक जातात. २०२१ च्या टाळेबंदीत छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात माणसं मेली ती ड्रोसेरा ३० दारू म्हणून प्यायल्याने.

पण या सगळ्यापेक्षा मोठा धोका वेळेचा आहे. गोळ्या घेत राहण्यात कर्करोगाची गाठ वाढते, मुलाचा ताप डोक्यात जातो, नैराश्यातल्या माणसाला इग्नेशियावर सहा महिने ठेवलं जातं. दुःख आणि नैराश्य यांत फरक असतो, आणि तो वहीतल्या सुंदर प्रश्नांनी नेहमी कळतोच असं नाही. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधं लिहिण्याची वाट मोकळी केली. त्यावरून डॉक्टरांच्या दोन गटांचं भांडण अजून मिटलेलं नाही. बाजू कुणाचीही घ्या, यात एक कबुली दडलेली आहे : गावातल्या होमिओपॅथला क्रोसिन आणि अँटिबायोटिक लागतं, आणि ते त्याला कसं द्यायचं हे सरकारला ठरवावं लागतं.

आता त्या पन्नास मिनिटांकडे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन इथे संधिवाताच्या ८३ रोग्यांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग्यांचे गट असे पाडले होते की काहींना होमिओपॅथची दीर्घ मुलाखत आणि औषध मिळालं, काहींना मुलाखत आणि प्लासिबो, काहींना मुलाखतीशिवाय नुसतं औषध किंवा नुसता प्लासिबो. ज्यांना मुलाखत मिळाली त्यांना बरं वाटलं, बाटलीत औषध असो की नसो. ज्यांना मुलाखत नव्हती त्यांच्यात औषधाने फरक पडला नाही. पल्सॅटिला द्यायची की इग्नेशिया, या प्रश्नाचा निकाल मला या एका अभ्यासात सापडला. औषध निवडायला म्हणून विचारलेले प्रश्नच औषधाचं काम करत होते. भारतात प्राथमिक उपचारांत डॉक्टर रोग्याला सरासरी जेमतेम दोन मिनिटं देतात, असं २०१७ च्या एका जागतिक आढाव्यात आढळलं. त्या दोन मिनिटांत रडू आल्यावर कुणी जवळ बसलेलं आवडतं का, हे कोण विचारणार?

आत्याच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या भेटीत पुन्हा वही घेऊन बसल्या. या वेळी त्यांनी आत्याचे हात हातात घेतले, चेहऱ्याकडे नीट पाहिलं, केस गळतात का आणि थंडी फार वाजते का विचारलं, आणि वही मिटून थायरॉईडची रक्ततपासणी लिहून दिली. थायरॉईड कमी निघालं. दोन महिन्यांत घशातला गोळा गेला. थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, अजून चालू आहे. आत्या मात्र श्रेय त्या बारीक गोड गोळ्यांना देते. थायरॉईडच्या गोळीला ती 'ती दुसरी' म्हणते.